आपल्या इंग्रजी उच्चारांचे कूळ

इंग्रजी बोलणाऱ्या मराठी माणसाची ओळख त्याच्या नावाआधी त्याच्या ‘व्ह’वरून पटते. ‘व्हाइसरॉय’, ‘व्हॅन’ या शब्दांतील आपला हकारमिश्रित ध्वनी हिंदी भाषिकाच्या तोंडी येत नाही. तो ‘वायसराय’, ‘वैन’ म्हणून मोकळा होतो. बंगाली गृहस्थ ‘व्हेरी’चे ‘भेरी’ करतो, तमिळ गृहस्थ एम्. ए.ला ‘यम्. ए.’ म्हणतो आणि छत्तीसगढी शिपाई ‘टेसना’वर जाऊन येतो. रायपूरच्या आमच्या कचेरीत एका सकाळी हे सारे कानी पडते.

हा मेळा येथे जमण्यास इतिहास आहे. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि भोसल्यांचा छत्तीसगढही इंग्रजांकडे गेला. त्यापूर्वीच, १८४५ मध्ये, स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी नागपुरास येऊन पोहोचला होता. त्याने तेथे शाळा काढली, आणि त्याच्या नावाचे कॉलेज १८८३ पासून चालू आहे. म्हणजे या प्रांतातील इंग्रजी शिकणाऱ्या पहिल्या पिढीतील कित्येकांच्या कानी आली ती लंडनची नव्हे, स्कॉटलंडची इंग्रजी. पुढे १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने बंगाली आणि तेलुगू नोकरवर्ग आणला. १८९४ साली राजकुमार कॉलेज जबलपुराहून रायपुरास आले व संस्थानिकांच्या मुलांना साहेबी वळण लावू लागले. १९५५ च्या करारानंतर भिलाईस रशियन तंत्रज्ञही आले.

आता ‘र’काराची गोष्ट घ्या. आपण ‘कार’, ‘डॉक्टर’ म्हणताना ‘र’ स्पष्ट उच्चारतो. दक्षिण इंग्लंडातील सुशिक्षित मनुष्य तो गिळतो, आणि साहेबी शाळेतून आलेली मंडळी आपल्याला हसतात. पण हे गिळणे लंडनमध्ये अठराव्या शतकात रूढ होऊ लागले. १७९१ च्या आपल्या उच्चारकोशात जॉन वॉकरने तेथील दुबळ्या ‘र’ची नोंद केली आहे. स्कॉटिश, आयरिश आणि बहुसंख्य अमेरिकन लोक तो अद्याप उच्चारतात. ऑस्ट्रेलियन लोक उच्चारीत नाहीत. आपला ‘र’ हिस्लॉपच्या शाळेतून आला, असे मात्र मी म्हणणार नाही. माझ्या मते आपण इंग्रजी कानांपेक्षा डोळ्यांनी अधिक शिकलो, आणि लिहिलेले व्यंजन गिळणे आपल्या जिभेला पटले नाही.

‘व्ह’ची हकिकत याहून मौजेची आहे. अंगात घालावयाच्या बंडीस आपण ‘व्हेस्ट’ म्हणतो व पश्चिमेस ‘वेस्ट’. इंग्रजीतला हा भेद हिंदी उच्चारात बहुधा पुसला जातो. ‘बॅट’ आणि ‘बेट’ वेगळे ठेवण्यासाठी आपण अर्धचंद्र वापरतो. ‘व्हाइट’, ‘व्हॉट’ येथे मात्र आपला ‘व्ह’ इंग्रजांना खटकतो. तरी याच शब्दांच्या आरंभी जुन्या वळणाचा स्कॉटिश मनुष्यही हकार काढतो, हे विसरू नये!

इंग्रजांच्या घरी तरी एकवाक्यता कोठे होती? निवेदकांचे उच्चार ठरविण्यासाठी बी. बी. सी.ने १९२६ साली समिती नेमली. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस अध्यक्ष झाले, आणि त्यांच्यामागून ते पद गेले बर्नार्ड शॉ यांच्याकडे, म्हणजे डब्लिनमध्ये वाढलेल्या आयरिश माणसाकडे. १९३९ साली युद्ध सुरू होताच समितीचे काम थांबले.

हे सारे उगाळण्याचे कारण निव्वळ कुतूहल नव्हे. हिशेबातील चूक एका नजरेत पकडणारे आमचे एक सहकारी वरिष्ठांच्या बैठकीत तोंड उघडीत नाहीत. एका मुलाखतीत त्यांच्या उच्चारावर कोणी हसले होते. त्यानंतर त्यांनी बढतीसाठी अर्जच केला नाही. त्यांची चिठ्ठी घेऊन दुसराच कोणी बोलतो आणि टिपणावर नावही त्याचेच पडते. त्या दिवशी हसणाऱ्या गृहस्थांचा स्वतःचा ‘व्हेरी’ कसा होता, हे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, “‘भेरी’. पण ते साहेब होते.”