जांभळ्या पेनाने लिहिलेला एक

२७ फेब्रुवारी २०२५. आदल्या दिवशी महाशिवरात्र होती. सकाळी उपवास सोडला आणि आदिलाबादच्या मतदान केंद्राकडे निघाले. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघातलं माझं हे चौथं मत. २०२४ मध्ये मी निवृत्त झाले, तरी यादीत नाव होतं. आधीच्या सहा वर्षांत मिळून तीन वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलेलं असलं, की मताचा हक्क राहतो.

मतपत्रिकेबरोबर जांभळ्या शाईचा पेन मिळतो. तोच वापरायचा, खिशातला नाही. टिक करायची नाही, ‘एक’ असं अक्षरात लिहायचं नाही. पसंतीचा आकडा घालायचा. हा आकडा इंग्रजी पद्धतीचा चालतो, रोमन चालतो आणि देवनागरीही चालतो. तेलुगू नावांच्या त्या यादीत मी चारही वेळा देवनागरी १ काढला. तो मला नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बेल्याच्या घरात पाटीवर गिरवून घेतला होता.

नाना प्राथमिक शिक्षक. निजामाच्या राज्यात १९४६ साली नोकरीला लागले. तेव्हा पुढचं शिक्षण उर्दूतून, सरकारी कागद उर्दूतून. त्यामुळे नानांचं उर्दू अक्षर मराठीइतकंच वळणदार होतं. आमच्या घरी जुनी माणसं जिल्ह्याला एदलाबादच म्हणायची, आणि त्यांच्या तोंडचा तो जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. किनवट त्यात होतं, राजुराही होतं. पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे सोयरीक होती, बाजार एक होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडलं. किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात गेले. राजुरा पुढे १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडलं. आमचं बेला आंध्र प्रदेशात राहिलं, पुढे तेलंगणात गेलं. नानांची शेती इथं, म्हणून नाना इथं. मामा मात्र किनवटला हायस्कूलवर होते, ते तिकडचे झाले.

या फाळणीबद्दल लोक बोलतात ते भाषेच्या, जमिनीच्या, पाण्याच्या अंगानं. मला त्यातली एक लहान गोष्ट फार वर्षांनी उमगली. हैदराबाद राज्याला विधान परिषद नव्हतीच. मुंबई राज्याला होती. राज्यघटनेच्या १७१व्या कलमाप्रमाणे परिषदेच्या एक-द्वादशांश जागा शिक्षकांनी निवडायच्या असतात. म्हणजे सीमा सरकली आणि मामा शिक्षक म्हणून मतदार झाले. आंध्रात परिषद आली ती १९५८ मध्ये. पण नानांना मत तेव्हाही मिळालं नाही, कारण घटनेनं हा हक्क माध्यमिक आणि त्यावरच्या शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांनाच दिला आहे. नाना पहिली ते चौथी शिकवत. १९८३ साली निवृत्त झाले, तोवर त्यांनी असं मत कधी दिलं नाही.

मामा दिवाळीला आले, की या निवडणुकीच्या गोष्टी सांगायचे. पहिल्या पसंतीचा, दुसऱ्या पसंतीचा. निम्म्याहून एक जास्त मत कुणालाच मिळालं नाही, तर सगळ्यांत मागचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती इतरांत वाटायची. नाना लक्ष देऊन ऐकायचे. मग हिशेबाची वही आणून पाच उमेदवार आणि शंभर मतं मांडायचे आणि मोजणी करून बघायचे. आम्ही भावंडं भोवती बसायचो. ज्या माणसाला मत नाही त्यानं ती मोजणी इतक्या आवडीनं शिकावी, हे आठवलं की अजून माझा गळा दाटून येतो.

मी १९८८ मध्ये शिक्षिका झाले, तेव्हा परिषदच उरली नव्हती. एन. टी. रामाराव मुख्यमंत्री असताना १९८५ मध्ये ती बरखास्त झाली. पुन्हा आली २००७ मध्ये. मधली बावीस वर्षं आदिलाबादच्या हायस्कूलमधल्या शिक्षकांनाही आवाज नव्हता, आणि पैनगंगेपलीकडे मामांच्या शाळेत दर सहा वर्षांनी प्रचाराची पत्रकं येत होती. नशिबानं तोवर मी बढती मिळून हायस्कूलवर स्कूल असिस्टंट झाले होते. २००७, २०१३, २०१९ आणि २०२५. नाना २००७ मध्ये हयात होते. मत देऊन आले तर त्यांनी पहिलं विचारलं, ‘‘दुसरी पसंती घातलीस ना गं? रिकामी नाही ना ठेवलीस?’’

आज जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे शिक्षक तीन मतदारसंघांत वाटले गेले आहेत. आम्ही मेदक-निजामाबाद-आदिलाबाद-करीमनगर शिक्षक मतदारसंघात. किनवटचे औरंगाबाद शिक्षक मतदारसंघात. राजुऱ्याचे नागपूर शिक्षक मतदारसंघात. माझी नणंद राजुऱ्याला शिकवते. ३० जानेवारी २०२३ ला तिनं मत दिलं, त्या निवडणुकीत विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे सुधाकर अडबाले निवडून आले. तिकडे सगळा जोर जुन्या पेन्शनवर होता. इकडेही तोच जोर. फरक एवढाच, की महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली आणि आमच्याकडे १ सप्टेंबर २००४ नंतर लागलेल्यांची. नणंद आणि मी फोनवर बोलतो, तेव्हा तक्रारी इतक्या सारख्या असतात, की मधली नदी कुठली आणि राज्य कुठलं, कळू नये.

पण उभं राहणं निराळं. तिकडे बहुतेक माध्यमिक शाळा खाजगी अनुदानित संस्थांच्या; तिथला शिक्षक नोकरीत राहून निवडणूक लढवू शकतो. आमच्याकडे शाळा सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या. सरकारी नोकरी लाभाचं पद ठरते, म्हणून उभं राहायचं तर राजीनामा द्यावा लागतो. २०१३ मध्ये आमच्यातल्या एका मराठी मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं होतं. दहा सूचक हवे होते, ते एका संध्याकाळी मिळाले. दहा हजारांची अनामतही आम्ही वर्गणीतून भरली असती. सर नकाशा पुढ्यात घेऊन बसले. मतदारसंघ इथं पैनगंगेच्या काठी सुरू होतो आणि मेदक जिल्ह्यातून हैदराबादच्या वेशीपर्यंत जातो, तीनशे किलोमीटर. मराठी माध्यमाच्या शाळा मुख्यतः आमच्या आदिलाबादच्या पट्ट्यात, त्याही बहुतेक प्राथमिक. सरांनी मत असणारे मराठी शिक्षक मोजायला घेतले आणि थोड्या वेळानं पेन खाली ठेवला. नोकरीची चार वर्षं उरली होती, मुलीचं लग्न व्हायचं होतं. अर्ज कपाटात गेला. त्यांना दोष देणारी मी कोण? तरी तो अर्ज भरला गेला असता, तर निदान एकदा कुणीतरी हैदराबादच्या सभागृहाच्या दारापर्यंत मराठी माध्यमाच्या पुस्तकांचा, रिकाम्या पदांचा प्रश्न उमेदवार म्हणून नेला असता, असं मला आजही वाटतं.

नोकरी सोडून उभं राहण्याचं धाडस या भागात एका शिक्षिकेनं केलं, ते २०२४ मध्ये. उटनूरकडच्या आत्राम सुगुणा सरकारी शिक्षिका होत्या. राजीनामा देऊन त्या काँग्रेसतर्फे लोकसभेला उभ्या राहिल्या आणि भाजपचे गोडम नगेश यांच्याकडून हरल्या. गोंड समाजातली शिक्षिका उमेदवार झाली, यामागे ऐंशी वर्षांची वाट आहे. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात निजामाविरुद्ध लढणारा गोंड नेता कुमरम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारनं हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांमध्ये पाठवलं. १९४३ मध्ये मार्लवाई गावात गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करणारं केंद्र निघालं. त्यांच्यासाठी गोंडी भाषेतली पुस्तकं छापली गेली ती देवनागरीत, कारण इथल्या गोंडांना बाजारहाटामुळे मराठी ओळखीची होती. हायमेनडॉर्फ यांच्या पत्नी एलिझाबेथ यांची समाधी मार्लवाईतच आहे. नाना त्या शिक्षकांबद्दल आदरानं बोलायचे. ‘‘आम्ही शिकलेल्यांना शिकवत होतो, ते पहिल्यांदा शिकणाऱ्यांना शिकवत होते,’’ असं म्हणायचे. ते शिक्षकही प्राथमिकचेच.

शिक्षकांच्या जागेवर शिक्षकच उभा राहिला पाहिजे, असा नियम मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्ये मद्रासच्या पदवीधर मतदारसंघाच्या खटल्यात ठरवलं, की तिथला उमेदवार स्वतः पदवीधर असण्याची गरज नाही. शिक्षकांच्या जागेलाही तोच न्याय. वय तीस पूर्ण आणि राज्यात मतदार, एवढं पुरतं. आमच्या मतदारसंघातून २०१९ मध्ये कूरा रघोत्तम रेड्डी निवडून गेले, २०२५ मध्ये शाळांचा मोठा समूह चालवणारे भाजपचे मल्क कोमरय्या. एका निवडणुकीत जातिवंत शिक्षक येईल, दुसऱ्या निवडणुकीत संस्थाचालक; मत देणाऱ्यांची यादी हायस्कूलपासून वरची, ती काही बदलत नाही. अमेरिकेत टेक्सास राज्याच्या शिक्षण मंडळाचे पंधराही सभासद लोक थेट निवडतात. आमच्याकडे पुस्तकं आणि परीक्षा ठरवणारे अधिकारी नेमलेले असतात. म्हणून शिक्षकाला शिक्षक म्हणून बोलायला परिषदेची ही एकच खिडकी आहे, आणि पहिलीच्या वर्गातला शिक्षक तिच्यापाशीही उभा राहू शकत नाही. तेलंगणाच्या शिक्षकभरतीत मराठी माध्यमाची पदं वेगळी निघतात, त्यांतली बरीचशी प्राथमिकची. ती भरली नाहीत, तर रिकाम्या वर्गाची झळ ज्या शिक्षकांना बसते, त्यांनाच मत नाही. माझ्या मते ही घटनेतली दुरुस्ती करण्याजोगी चूक आहे, आणि हे मी शिक्षक संघटनांच्या प्रत्येक बैठकीत बोलले आहे.

त्या दिवशी केंद्रात टेबलामागे मतपत्रिका देणारा मुलगा ओळखीचा निघाला. बेल्याकडच्या एका मराठी प्राथमिक शाळेवरचा. निवडणुकीची ड्यूटी लागली होती. वर्षापूर्वी त्याच्या शाळेत गेले होते, तेव्हा एकाच खोलीत तो दोन वर्ग घेत होता. त्यानं नियमाप्रमाणे सगळं सांगितलं, ‘‘मॅडम, आकडाच घाला. दुसऱ्या कशानं लिहू नका.’’ आणि जांभळा पेन माझ्या हातात दिला.

मी विचारलं, ‘‘तुझं मत?’’

‘‘आमचं नसतं ना मॅडम,’’ तो म्हणाला, आणि पुढच्या बाईंचं नाव यादीत शोधू लागला.

आडोशाला जाऊन मी १ काढला, नानांनी शिकवला होता तसाच: वरून गोल घेऊन खाली दांडी ओढलेला. मग २ घातला. बाहेर येऊन पेन त्याला परत दिला.