'कोसला'चा नकार आणि आपला नकार

प्रयोगशील कादंबरी म्हटले की आपल्या चळवळीतला कार्यकर्ता कपाळाला आठी घालतो. पोट भरलेल्यांचा हा खेळ, आपल्याला त्याचे काय, असे तो म्हणतो. हा आक्षेप खोटा नाही, पण अपुरा आहे. भालचंद्र नेमाडे यांची वाटचाल तपासली म्हणजे हे ध्यानात येते. प्रयोग कोणी केला एवढेच विचारून भागत नाही. नकार देण्याची ऐपत कोणाला होती आणि त्याची किंमत कोणी मोजली, हेही विचारावे लागते.

नेमाड्यांचा जन्म २७ मे १९३८ चा, खानदेशातल्या सांगवीचा. घर शेतकऱ्याचे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले, डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचा अभ्यास केला. १९६३ साली 'कोसला' प्रसिद्ध झाली तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. पुढे अनियतकालिकांच्या चळवळीत त्यांनी 'वाचा'चे संपादन केले. नगर, धुळे, औरंगाबाद, लंडन, गोवा, मुंबई अशी अध्यापनाची भटकंती झाली.

'कोसला'पूर्वीची मराठी कादंबरी बहुतांशी फडके-खांडेकरांच्या वळणाची होती. रेखीव कथानक, सुंदर नायिका, ध्येयवादी नायक, आणि सगळे बोलणार ते पुस्तकी मराठीत. नेमाड्यांनी हे सारे मोडले. पांडुरंग सांगवीकर हा खेड्यातून पुण्याच्या वसतिगृहात आलेला मुलगा स्वतःच स्वतःची हकिकत सांगतो. तीत कथानक नाही, पराक्रम नाही. मध्येच रोजनिशी येते, मध्येच इतिहासलेखनाची टिंगल येते. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे शब्द तो इतक्यांदा वापरतो की शिष्ट भाषेचा पोकळपणा आपोआप उघडा पडतो. धाकटी बहीण मनी देवी येऊन मरते, त्या पानांवर मात्र टिंगल थांबते आणि उघडे दुःख उरते. शेवटी वडिलांचे पैसे उधळून, शिक्षण अर्धवट टाकून तो गावी परततो. पांढरपेशा यशाला दिलेला हा नकार होता. खेड्यातला मुलगा पुण्याची परवानगी न घेता बोलू शकतो, हे या पुस्तकाने सिद्ध केले. पुढे आमच्या जिल्ह्यातल्या बेलोऱ्यात जन्मलेल्या वसंत आबाजी डहाके यांनी 'अधोलोक' (१९७५) आणि 'प्रतिबद्ध आणि मर्त्य' (१९८१) या कादंबऱ्या लिहिल्या, तोवर वेगळ्या घाटाच्या लेखनाला वाचक तयार झाला होता.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या महाविद्यालयात अनेक वर्षे मराठी शिकवले. वर्गात आर्णी, घाटंजी, पांढरकवड्याकडची मुले असत. त्यांतली पुष्कळशी शेतमजुरांची, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली. 'कोसला' त्यांना आवडे, ती खळखळून हसत. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, कालेज बुडवलं त याची स्कालरशिप बंद नाई झाली काय जी?" वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न साऱ्या समीक्षेपेक्षा मोलाचा वाटला. सांगवीकराच्या पाठीशी बापाची शेती आहे. हरून परत जायला त्याला घर आहे, गावात मान आहे. जीओआयच्या शिष्यवृत्तीवर शिकणारा आपला मुलगा हरला, तर तो पाटलाच्या कापसात वेचणीला जातो. निरर्थकतेचा अनुभव दोघांनाही येतो. पण ती निरर्थकता बोलून दाखवण्याची सवड एकालाच मिळते.

म्हणून आपल्या लेखकांचा प्रयोग निराळा झाला. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) आठवा. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांनाच सांगतो. एकाच माणसाची ही दोन माणसे. एक महारवाड्यात राहिलेला, दुसरा शिकून पांढरपेशांत वावरणारा. सांगवीकराला एक 'मी' पुरला, कारण त्याचे गाव आणि त्याचे नाव यांत फारकत नव्हती. दगडूला तो पुरला नाही. हा घाट हौसेतून आलेला नाही, तो जातीने माणसाच्या केलेल्या दोन तुकड्यांतून आला आहे. समीक्षकांनी 'कोसला'ला प्रयोग म्हटले आणि 'बलुतं'ला बहुतेकदा केवळ अनुभव म्हटले. हा भेद साहित्याचा नाही, समाजाचा आहे.

नेमाडे पुढे 'बिढार' (१९७५), 'जरीला' (१९७७), 'झूल' (१९७९) या कादंबऱ्यांतून चांगदेव पाटील या प्राध्यापकाच्या वाटेने गेले. 'टीकास्वयंवर'ला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०१० साली 'हिंदू' आली आणि २०१४ चे ज्ञानपीठ त्यांना लाभले. त्यांच्या देशीवादाने इंग्रजाळलेल्या समीक्षेला धक्का दिला, हे मान्य केले पाहिजे. पण ज्या देशी व्यवस्थेचे ते ममत्वाने वर्णन करतात, तिच्यात आपली जागा गावकुसाबाहेर होती. जातीकडे पाहण्याची त्यांची दृष्टी आपल्याकडच्या अनेकांना पटली नाही, ती याच कारणाने.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा जेम्स केलमन कामगारांच्या बोलीत प्रयोगशील कादंबऱ्या लिहितो. १९९४ साली त्याला बुकर पारितोषिक मिळाले, तेव्हा एका परीक्षकाने निवडीला जाहीर विरोध केला. आपल्या लोकांच्या भाषेला जगण्याचा हक्क आहे, असे केलमनने पारितोषिक स्वीकारताना ठणकावले. भाषेचे भांडण तिथेही अखेर वर्गाचेच निघाले.

तेव्हा 'कोसला' टाकून देऊ नका. ती वाचा, तिचे हत्यार हातात घ्या. पण मागच्या बाकावरचा तो प्रश्न विसरू नका. ज्या दिवशी आपल्या मुलालाही एकदा हरण्याची, वाया जाण्याची आणि तरीही आपली गोष्ट सांगण्याची मुभा मिळेल, त्या दिवशी मराठी कादंबरीतला प्रयोग साऱ्यांचा होईल. तोवर आपल्या नकाराची किंमत आपणच मोजत राहणार आहोत, आणि ती किती हे लिहून ठेवणेही आपलेच काम आहे.