ओढा उघडला, काठावरची माणसे कुठे गेली?

शहराचा इतिहास राजवाड्यांवरून लिहिला जातो. तो सांडपाण्याच्या वाटेवरून लिहिला, तर वेगळी माणसे दिसू लागतात. दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल. तिच्या मध्यातून वाहणाऱ्या चॉन्गेचॉन या ओढ्याचा इतिहास असाच वाचावा लागतो.

राजेशाहीत साऱ्या नगराचे सांडपाणी या ओढ्यात येई. १९५०-५३ च्या युद्धानंतर निर्वासितांनी त्याच्या काठावर झोपड्या बांधल्या. ज्या जागेचा इतरांना वास येतो, तीच निराधारांच्या वाट्याला येते. १९५८ पासून ओढ्यावर काँक्रीट पडू लागले; वर रस्ता झाला, त्यावर उड्डाणमार्ग झाला. झोपड्या हटल्या. सेऊलमधील अशा झोपडीवासीयांना शहराबाहेर, जेथे धड पाणी नाही आणि रोजगारही नाही, अशा ठिकाणी नेऊन टाकण्यात आले. १० ऑगस्ट १९७१ रोजी तेथे हजारो लोकांचा उद्रेक झाला. आजचे सॉन्गनाम शहर ते हेच.

ओढ्याच्या काठी 'शांतता बाजार' नावाची कपड्यांची पेठ होती. तेथील माळ्यांवर, ताठ उभेही राहता येणार नाही अशा खोल्यांत, कोवळ्या मुली चौदा-चौदा तास राबत. कामगार कायदा १९५३ पासून होता, पण कागदावर. १३ नोव्हेंबर १९७० रोजी जॉन ते-इल या २२ वर्षांच्या कटिंग कामगाराने, तो कायदा पाळा अशी मागणी करीत, स्वतःला पेटवून घेतले. त्याच महिन्यात तेथील शिवण कामगारांची संघटना उभी राहिली.

पुढे २००३ ते २००५ या काळात महापौर ली म्यॉन्ग-बाक यांनी उड्डाणमार्ग पाडून सुमारे ५.८ किलोमीटर ओढा उघडा केला. परिसराची हवा निवळली, लोकांना फिरायला मोकळी जागा मिळाली. हे लाभ खोटे नाहीत. परंतु ओढ्यातले बहुतेक पाणी हान नदीतून पंपाने आणलेले आहे. काठावरच्या फेरीवाल्यांना दोंगदेमुनच्या जुन्या क्रीडांगणात बसविले. पुढे तेही पाडायचे ठरले आणि त्यांना पुन्हा बोचकी बांधावी लागली. छोट्या दुकानदारांसाठी दूर नवे संकुल बांधले. तेथील गाळा अनेकांच्या ऐपतीबाहेरचा होता. महापौर मात्र २००८ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले.

झाकताना स्वच्छता आणि प्रगती हे कारण होते, उघडताना पर्यावरण. कारण बदलले, उठविला जाणारा वर्ग बदलला नाही. २००५ मध्ये जॉन ते-इलचा पुतळा या ओढ्यावरील पुलावर उभा राहिला. हुतात्म्याला जागा मिळाली, हातावर पोट असणाऱ्याला मिळाली नाही.

पाणी सर्वांचे म्हणजे काय, हे आपल्याला १९२७ च्या महाडने शिकविले आहे. म्हणून नदी-नाल्याच्या सुशोभीकरणाचा आराखडा समोर आला, की झाडे आणि बाके मोजण्याआधी कार्यकर्त्यांनी विचारावे : आज या काठावर कोण राहते, कोण कमावते, आणि काम पुरे झाल्यावर त्यांची नावे याच काठावर राहतील, असे लेखी कोठे आहे?