हुगळीचे तीन पूल

मुंबई मेलने हावडा स्थानकात उतरणाऱ्या मराठी कुटुंबास कोलकात्याचे प्रथम दर्शन घडते ते एका पुलावरून. नोकरीधंद्यानिमित्त येथे आलेल्या आम्हां मंडळींची या नगराशी ओळख झाली ती त्याच्याच साक्षीने. तो असा खांबांवाचून का उभा आहे, याचा विचार मात्र थोड्यांनीच केला असेल.

हुगळी ही गाळाची व भरती-ओहोटीची नदी. शिवाय तिच्यातून बंदराची जहाजे ये-जा करीत. पात्रात खांब रोवावेत, तर त्यांच्या आडोशाने गाळ साचून बंदरच धोक्यात यावयाचे. म्हणून ब्रॅडफर्ड लेस्ली यांनी १८७४ साली तरंगत्या पडावांवर १,५२८ फूट लांबीचा पूल पसरला. जहाज आले की मधला २०० फुटांचा भाग बाजूस सारावयाचा, आणि तोवर दोन्ही तीरांवर खोळंबा!

नव्या पुलासाठी १९२१ साली समिती नेमली गेली, १९२६ साली कायदा झाला आणि बांधकामास प्रारंभ झाला १९३६ साली. (सरकारी दफ्तरात हयात घालविलेल्या आम्हांस याचे नवल वाटत नाही.) योजना ठरली ती कॅण्टिलिव्हर पद्धतीची. भिंतीत एक टोक घट्ट रोवलेली फळी दुसऱ्या अधांतरी टोकावर भार पेलते, तेच हे तत्त्व. दोन्ही तीरांवर मनोरे. त्यांचे जमिनीकडील बाहू खाली जखडलेले, नदीकडील बाहू पुढे झेपावलेले आणि त्यांच्या टोकांमध्ये मधला भाग टांगलेला. मनोऱ्यांमधील अंतर १,५०० फूट.

खरी कसोटी लागली ती जमिनीखाली. मनोऱ्यांच्या पायासाठी प्रचंड विहिरी बांधून, आतील माती उपसत, त्या स्वतःच्याच भाराने खाली उतरवावयाच्या होत्या. कोलकात्याच्या बाजूस वाहती वाळू लागल्याने तेथे दाबाखालील हवा सोडून तिला थोपवावे लागले. एका रात्री तळची जमीन अकस्मात खचली आणि तो अजस्र पाया दोन फूट खाली कोसळला; खिदिरपूरच्या भूकंपमापकाने त्याची नोंद भूकंप म्हणून केली!

पुढे महायुद्ध पेटले व इंग्लंडहून यावयाचे पोलाद अडले. तेव्हा एकूण २६,५०० टनांपैकी २३,००० टन पोलाद टाटांच्या कारखान्याने पुरविले. ते सर्व रिव्हेटांनी जोडीत दोन्ही तीरांवरून बाहू पुढे सरकले आणि मध्यावर प्रत्येकी ८०० टनांच्या सोळा जॅकांनी त्यांची गाठ घातली गेली. ३ फेब्रुवारी १९४३ रोजी पूल खुला झाला. जपानी विमानांच्या भयाने समारंभ टळला. पुलावरून प्रथम गेली ती एक एकटी ट्रॅम.

विद्यासागर सेतूची कोनशिला १९७२ साली बसली व तो १९९२ साली खुला झाला. त्याचाही मुख्य गाळा सुमारे १,५०० फुटांचाच. परंतु तेथे मनोऱ्यांपासून तिरप्या ताणलेल्या पोलादी दोरांनी रस्ता तोलून धरला आहे.

जुना पूल १९६५ पासून कागदोपत्री ‘रवींद्र सेतु’ झाला, तरी लोकांच्या तोंडी ‘हावडा ब्रिज’च राहिला. बॉम्बच्या सावटात उभ्या राहिलेल्या या पुलास पुढे पानाच्या पिचकाऱ्यांनी ग्रासले. ज्या लोखंडी पट्ट्यांना रस्ता टांगलेला आहे, त्यांचे बुंधे झिजू लागले; तेव्हा २०११ साली त्यांना फायबरग्लासची आवरणे चढवावी लागली.