हिशेबनिसांनी मांडलेलं गाणं

संगीतात एम. ए. करणाऱ्यांची गाडी लघुप्रबंधात हमखास अडते ती ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ या प्रकरणावर. हे झेंगट विद्यापीठांनी आपल्या गळ्यात बांधलं, असा समज आहे. पण तेराव्या शतकात, देवगिरीला सिंघण यादवाच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने पहिल्याच अध्यायात आपल्या आधीच्या आचार्यांची लांबलचक नामावळ दिली आहे. सदाशिव, ब्रह्मा, भरत, कश्यप, मतंग. देव आणि माणसं एकाच पंगतीत. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. आणि शार्ङ्गदेव स्वतः? यादवांच्या हिशेबखात्याचा प्रमुख.

आपल्याकडच्या संगीत-प्रबंधाचं कूळ शोधत गेलं की गवयांच्या आधी असेच दफ्तरवाले भेटत राहतात.

विष्णु नारायण भातखंडे वकील होते. वाळकेश्वरला 1860 मध्ये जन्म, पुढे एलएल. बी., काही काळ कराचीत वकिली. पत्नी आणि मुलगी गेल्यावर त्यांनी वकिली सोडली आणि देशभर फिरून पोथ्या, बंदिशी आणि उस्तादांचे जबाब गोळा केले. जबाबच म्हणायचे, कारण साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसे ते प्रश्न विचारत: हा राग कोणत्या थाटाचा, आधार काय, कुणाकडून शिकलात? ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे मराठी भाग 1910 पासून निघाले, तेही गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांत. यात एक गंमत आहे. संस्कृत ‘लक्ष्यसंगीत’ त्यांनी ‘चतुर पंडित’ या नावाने लिहिलं, मराठी ग्रंथ ‘विष्णुशर्मा’ या नावाने, आणि दुसऱ्यात पहिल्याचे दाखले प्रमाण म्हणून दिले. यूजीसीच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या 2018 च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य खपतं. ही युक्ती कुठल्या रकान्यात बसवली असती कोण जाणे.

त्याच सुमाराला निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृ. बा. देवल बावीस श्रुतींची कंपनसंख्या मोजत होते. त्यांना साथ मिळाली अर्नेस्ट क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाची. दोघांच्या गणितावर बेतलेली श्रुतिपेटी 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत मांडली गेली आणि तिच्यावरून चांगलाच वाद झाला. व्हिएन्नातही वेगळं घडलं नव्हतं. 1885 मध्ये संगीतशास्त्राच्या शाखांची मांडणी करणारा ग्विडो आडलर आधी कायद्याचा डॉक्टर झाला होता. आणि आपल्याकडे 1961 मध्ये ‘घरंदाज गायकी’ लिहिणारे वामनराव देशपांडे पेशाने चार्टर्ड अकाउंटंट.

हा योगायोग मला वाटत नाही. उस्तादाचं शास्त्र गळ्यात असे. ते कुणाला पुराव्यानिशी पटवून द्यायची त्याला गरज नव्हती. ती सवय कचेरीची. म्हणून व्याख्या, वर्गीकरण, दाखला, खंडन हा प्रबंधाचा सांगाडा गाण्याला कचेरीतून मिळाला. त्याने गाण्याचं भलं केलं, पण ज्याला नाव-गाव-घराणं नाही ते वहीत चढेना.

पुढे साक्षीदारच लिहू लागला. प्रभा अत्रे यांनी डॉक्टरेटसाठी विषय घेतला सरगमचा, म्हणजे स्वतः मैफलीत करत होत्या त्याचाच. (कायद्याची पदवी त्यांच्याकडेही होती!) मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक अशोक दा. रानडे हेही कायदा शिकलेले, पण वहीचे रकाने वाढवले ते त्यांनी. 1975 च्या ‘लोकसंगीतशास्त्रा’नंतर रागाबाहेरचं संगीत हा प्रबंधाचा विषय होऊ शकतो, हे मराठीत तरी पुन्हा सिद्ध करावं लागलं नाही.

तरी अडचण संपत नाही. समजा, चिंचोटीच्या एखाद्या मुलीने लघुप्रबंधासाठी वारल्यांचं तारपा हे वाद्य घेतलं. महामार्गावरून अहमदाबादच्या दिशेने गेलं की तिच्याच पालघर जिल्ह्यातले वारली पाडे लागतात, विषय घरचाच. पण ‘बंदिशीचा रचनाकार’ या रकान्यात ती काय लिहिणार? ‘घराणं’ या रकान्यात? सुकवलेला दुधी, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा भोंगा, मेण: एका तारप्याचा स्वर दुसऱ्याशी जुळेलच असं नाही, कारण भोपळा मापाने उगवत नाही. देवलांचं गणित एका तारप्याला लावता येईल, पण त्यावरून पुढच्याचा अंदाज बांधता येणार नाही. शिवाय नाचणारे हातात हात गुंफून तारपेकऱ्याभोवती फिरतात आणि त्याने चाल बदलली की पावलं बदलतात. तेव्हा नुसती सुरावट लिहून भागत नाही. कुठल्या चालीवर पाय कसा पडला तेही टिपावं लागतं, आणि ते वादनाच्या प्रकरणात घालायचं की नृत्याच्या, हे मार्गदर्शकाशी भांडून ठरवावं लागतं.