ओंबळे, तुकाराम गोपाळ

(? – २७ नोव्हेंबर २००८). मुंबई पोलीस दलातील सहायक उपनिरीक्षक व माजी सैनिक. सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यातले केडंबे हे त्यांचे मूळ गाव. भारतीय लष्कराच्या सिग्नल कोअरमधून नाईक पदावर निवृत्त झाल्यावर १९९१ मध्ये ते पोलीस दलात आले. 

मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यादरम्यान, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, बारा वाजून गेल्यावर, गिरगाव चौपाटीवरील नाकाबंदीत दोन दहशतवाद्यांची पळवून आणलेली स्कोडा मोटार अडवण्यात आली. त्यांपैकी इस्माईल खान गोळीबारात मारला गेला. दुसऱ्याच्या, अजमल कसाबच्या, एके-४७ ची नळी ओंबळेंनी पकडली. त्यांच्याजवळ लाठीखेरीज काही नव्हते. अगदी जवळून गोळ्या लागल्या तरी पकड सुटली नाही. तेवढ्यात सहकाऱ्यांनी कसाबला जेरबंद केले.

या हल्ल्यातील दहा हल्लेखोरांपैकी जिवंत सापडलेला कसाब एकटाच. कटाचे धागेदोरे न्यायालयात सिद्ध होण्यात या अटकेचा वाटा फार मोठा आहे. कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली.

ओंबळेंना २००९ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र प्रदान झाले. चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरात आढळलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीलाही ‘आयशियस तुकारामी’ असे नाव देण्यात आले.