गणनशास्त्राची दिंडी

पुण्याहून आळंदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर विश्रांतवाडी लागते. आषाढीच्या वारीस निघालेली ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी दिघीवरून याच वाटेने पुण्यास येते. पंढरीस एकट्यानेही जाता येते. तथापि वारकरी दिंडीत चालतो, कारण तेथे त्याचा चुकलेला ताल शेजाऱ्याच्या कानी पडतो. विद्वत्संस्थेचे खरे प्रयोजन याहून फारसे निराळे नाही.

पुण्यास या गोष्टीचा जुना अनुभव आहे. गुत्ती येथील डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांनी गणिताच्या मित्रांस पत्रे धाडून 1907 साली एक मंडळ उभे केले. परदेशी नियतकालिके एकट्याच्या पगारात परवडत नसत. म्हणून वर्गणी एकत्र करून ती मागवावयाची, असा साधा विचार त्यामागे होता. मंडळाचे ग्रंथालय फर्ग्युसन कॉलेजात राहिले व त्याची व्यवस्था रँग्लर परांजपे यांनी पाहिली. पुढे हेच मंडळ 'इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी' झाले. रामानुजनांचा पहिला निबंध 1911 साली छापला तो याच संस्थेच्या नियतकालिकाने.

गणकयंत्रे आल्यावर तोच प्रश्न नव्याने उभा राहिला. 'कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया' 1965 साली निघाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. नरसिंहन तिचे पहिले अध्यक्ष. यंत्र वापरणाऱ्या सर्वांसाठी ती होती, आणि ते योग्यच होते. परंतु एखादी आज्ञावली अपेक्षित कार्य करील हे सिद्ध कसे करावे, एखादे गणित सोडविण्यास निदान किती पायऱ्या लागतील, असल्या प्रश्नांत रमणारा मनुष्य अशा मोठ्या मेळ्यात एकटाच पडावयाचा.

या मोजक्या मंडळींसाठी 1981 पासून दरवर्षी डिसेंबरात एक स्वतंत्र परिषद भरू लागली. आज ती 'इंडियन असोसिएशन फॉर रिसर्च इन कॉम्प्युटिंग सायन्स' ही संस्था भरविते. 1987 व 1988 अशी लागोपाठ दोन वर्षे परिषदेचा मान पुण्यास मिळाला. पहिल्या वर्षीच्या निबंधसंग्रहाचे संपादन केशव नोरी यांनी केले, दुसऱ्या वर्षी त्यांच्या जोडीस संजीव कुमार होते; दोन्ही संग्रह स्प्रिंगर या जर्मन प्रकाशनसंस्थेने काढले.

इतर शास्त्रांत नियतकालिकास जे वजन, ते या शास्त्रात पुष्कळदा परिषदेतील निबंधास असते. परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या दिवसांत नवशिक्या संशोधकाने परदेशी परिषदेस जावे कसे? आणि न जावे, तर आपल्या सिद्धतेतील भगदाड त्यास दाखवावे कोणी? संस्था स्थापणे म्हटले की आपल्याकडे प्रथम अध्यक्षांची खुर्ची व समईची वात यांची चर्चा होते. निबंध परत पाठविण्याइतके कठोर परीक्षक मिळविणे हे त्याहून अवघड काम. परिषदेची पत टिकली ती या कामामुळे, असे माझे मत आहे.

2008 पासून या परिषदेचे निबंध कोणासही विनामूल्य वाचावयास मिळतात. विश्रांतवाडीतील विद्यार्थ्यास त्यासाठी वर्गणी भरावी लागत नाही, की फर्ग्युसनमधून टपालाची वाट पाहावी लागत नाही. फळ्यापाशी उभे राहून शंका विचारणारा जाणकार मात्र टपालाने तेव्हा येत नव्हता, आणि आताही येत नाही. त्यासाठी डिसेंबरातील त्या थोड्या दिवसांचीच गाठ घ्यावी लागते.